मोहिनीचा आकडा

एव्हरक्वेस्ट नावाच्या संगणकीय खेळात एक छोटासा प्रयोग करता येतो. आपल्या पात्राला गावातल्या दुकानदारासमोर उभे करायचे, पिशवीतली एखादी वस्तू विकायला दाखवायची आणि तो किती नाणी देऊ करतो ते लिहून ठेवायचे. मग पात्राच्या बोटातली एक विशिष्ट अंगठी काढायची आणि तीच वस्तू पुन्हा दाखवायची. दुकानदार तोच, वस्तू तीच, पण भाव उतरलेला असतो. अंगठी घातली की भाव पुन्हा चढतो. बदलणारी गोष्ट एकच, बाकी सारे स्थिर! इतका स्वच्छ प्रयोग करायला मिळणे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नशिबी क्वचितच येते. हा खेळ खेळणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षांत असे प्रयोग हौसेने केले, आणि त्यातून दुकानदाराचे गणित ताडण्याचा प्रयत्न केला.

अंगठीमुळे बदलली ती पात्राची एक संख्या. तिचे नाव 'कॅरिझ्मा'. वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्याबद्दल हा शब्द आपण नेहमी वाचतो. लोकांवर छाप पाडणारे, त्यांना मागे यायला लावणारे असे काहीतरी वलय, असा त्याचा अर्थ आपण घेतो. अशा वलयाला संख्या कशी देतात, ती काय काम करते, आणि ते काम त्या नावाला शोभते का, हे या लेखात तपासायचे आहे. विषय खेळातला असला तरी प्रश्न मापनाचा आहे, म्हणून तो विज्ञानशिक्षकांपुढे मांडण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. एव्हरक्वेस्ट १६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत सुरू झाला. हजारो माणसे आपापल्या घरच्या संगणकावरून इंटरनेटद्वारे एकाच काल्पनिक जगात शिरतात. या जगाचे नाव नोराथ. तिथे ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, बुटक्यांची आणि एल्फ लोकांची नगरे आहेत. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. त्याच्याभोवतीची काही पात्रे त्याच्यासारखीच माणसे चालवत असतात, तर दुकानदार, पहारेकरी, राक्षस ही पात्रे संगणक चालवतो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे. प्रत्येक पात्राजवळ सात संख्या असतात : ताकद, दमदारपणा, चपळाई, हस्तकौशल्य, शहाणपण, बुद्धी आणि कॅरिझ्मा.

ही कल्पना संगणकावर जन्मली नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्यात प्रत्येक पात्राचे सहा गुण होते आणि प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज घ्यायची होती. म्हणजे गुण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यतांपैकी १८ ही बेरीज फक्त एकदाच येते, तर १० आणि ११ या बेरजा प्रत्येकी २७ वेळा येतात. वर्गात तीन फासे घेऊन शंभर-दोनशे वेळा टाकले आणि स्तंभालेख काढला, तर मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतरता असा आकार मिळतो. माणसांच्या उंचीचा आलेख साधारण असाच दिसतो. त्यामुळे कॅरिझ्माही लोकसंख्येत असाच विखुरलेला असणार असे वाटू लागते. तसे मानायला आधार काहीच नाही. आकार फाशांचा आहे, माणसांचा नव्हे.

त्या पहिल्या नियमपुस्तिकेत कॅरिझ्माचे काम अगदी नेमके सांगितले होते. खास प्रकारचे किती सोबती पदरी ठेवता येतील आणि ते किती निष्ठावान राहतील, हे त्यावरून ठरे. १६ किंवा १७ गुण असलेल्याला सहा सोबती, १८ वाल्याला एकदम बारा. शेवटच्या एका पायरीला सोबत्यांची संख्या दुप्पट होते, हे पाहून आम्हांला मोहसच्या काठिण्यश्रेणीची आठवण झाली. तिथेही कुरुंद ९ आणि हिरा १० असे क्रमांक शेजारी शेजारी आहेत, पण प्रत्यक्ष काठिण्यात हिरा कुरुंदाच्या कितीतरी पुढे आहे. अशा संख्या क्रम दाखवतात. त्यांची वजाबाकी करू नये, भागाकार तर नाहीच. १८ कॅरिझ्मा म्हणजे ९ कॅरिझ्माच्या दुप्पट मोहिनी, असे म्हणता येत नाही.

पण टेबलावरच्या खेळात या उणिवेने फारसे बिघडत नसे, कारण तिथे एक माणूस पंच म्हणून बसलेला असे. खेळाडूने पहारेकऱ्याशी खरोखर चतुराईने बोलणी केली तर पंच ती ऐके, हसे, कधी फासे न टाकताच दार उघडून देई. गुण लिहिलेला होता, तरी तो पंचाच्या कानांना पर्याय नव्हता. संगणकावरच्या दुकानदाराला कान नाहीत. त्याच्यापुढे तुम्ही कितीही गोड बोला, तो फक्त संख्या वाचतो.

आता या शब्दाकडे वळू. 'कॅरिझ्मा' मूळ ग्रीक. 'खारिस' म्हणजे कृपा, आणि त्यावरून कृपेने मिळालेले देणे. ख्रिस्ती धर्मग्रंथांत पॉलच्या पत्रांतून तो येतो. (आपल्याकडे हिंदीतून आलेला 'करिश्मा' हा शब्द ऐकायला तसाच वाटतो, पण तो फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा. दोन वेगळ्या कुळांतले शब्द उच्चारामुळे भावंडे वाटावीत, असा हा योगायोग आहे.) जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने चर्चच्या इतिहासाचा अभ्यासक रुडोल्फ झोम याच्याकडून हा शब्द घेतला आणि सत्तेच्या एका प्रकाराला लावला. वेबरचे म्हणणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. एखाद्या माणसात काही असामान्य आहे असे अनुयायी मानतात, आणि त्यांचे ते मानणे हाच निर्णायक भाग आहे. त्या माणसात वस्तुतः काय आहे हा प्रश्न वेबर बाजूला ठेवतो. अनुयायांनी मानणे थांबवले, चमत्कार घडेनासे झाले, की ती सत्ता ओसरते.

म्हणजे कॅरिझ्मा ही एका माणसाच्या अंगात भरलेली वस्तू नसून दोन पक्षांमधली गोष्ट आहे. विजेच्या धड्यातून याला चांगला दाखला मिळतो. नुसत्या एका बिंदूचा व्होल्टेज किती, या प्रश्नाला अर्थ नसतो. व्होल्टमीटरला दोन तारा असतात, त्या दोन बिंदूंना लावाव्या लागतात. आपण जेव्हा एका बिंदूचे विभव सांगतो तेव्हा दुसरा बिंदू, बहुधा जमीन, मनात धरलेला असतो. एव्हरक्वेस्टमधली कॅरिझ्माची संख्या म्हणजे एकाच तारेचा व्होल्टमीटर आहे.

मग ही संख्या प्रत्यक्षात करते काय? मुख्यतः दोन कामे. एक, दुकानदाराच्या भावात फरक पाडते. विकताना चार नाणी जास्त, घेताना चार नाणी कमी. दुसरे, एन्चांटर जातीच्या जादूगाराला उपयोगी पडते. तो राक्षसाला भुलवून आपल्या बाजूने लढायला लावतो किंवा जागच्या जागी गुंगवून ठेवतो. प्रत्येक वेळी राक्षस ती जादू झुगारण्याची शक्यता असते. सर्व्हर यादृच्छिक संख्या काढतो, दोघांच्या पातळ्यांची तुलना करतो, राक्षसाची प्रतिकारशक्ती पाहतो, आणि या हिशेबात एन्चांटरचा कॅरिझ्मा त्याच्या बाजूने पारडे थोडे झुकवतो. एन्चांटर असाल तर ही संख्या जिवाभावाची. तलवारबाज असाल तर बाजारहाटापुरती.

पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ साली असे मांडले होते की एखाद्या संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती. या कसोटीवर खेळाचे निर्माते म्हणू शकतील, 'आमची व्याख्या स्पष्ट आहे. दुकानदाराचा भाव आणि जादूची यशस्विता जिच्यावर अवलंबून, ती राशी म्हणजे कॅरिझ्मा.' यात तर्कदोष नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. तापमान आपण पाऱ्याच्या प्रसरणाने मोजतो, बंदिस्त वायूच्या दाबाने मोजतो, धातूच्या तारेच्या विद्युतरोधानेही मोजतो. तिन्ही मार्ग वेगळे, तरी योग्य अंशांकनानंतर उत्तरे जुळतात. ही जुळणी कोणी ठरवून केलेली नाही. ती निसर्गात सापडते, आणि म्हणूनच 'तापमान' नावाचे काहीतरी खरोखर आहे असे म्हणण्याचा धीर आपल्याला होतो. एव्हरक्वेस्टमध्येही दुकानातला भाव आणि मोहिनीची जादू एकत्र वरखाली होतात. पण त्या एकत्र होतात कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही सूत्रांत एकच चल राशी टाकली. उद्या त्याने तीच राशी मासेमारीच्या सूत्रात टाकली, तर मोहक माणसाच्या गळाला जास्त मासे लागतील आणि कॅरिझ्माबद्दल आपल्याला नवीन काहीच कळलेले नसेल. नाव मोठे घेतले आहे. आत आहे ती सवलत.

गंमत अशी की याच खेळात याहून कितीतरी सरस कल्पना शेजारीच होती. तिला 'फॅक्शन' म्हणत. आपण 'पत' म्हणू. नोराथमधल्या प्रत्येक गटाशी प्रत्येक पात्राची पत वेगळी नोंदलेली असे. एखाद्या पहारेकऱ्याकडे पाहून विचारले की तो तुम्हांला जिवलग मानतो, उदासीनपणे पाहतो की तुमच्यावर धावून यायला टपला आहे, हे समजे. अशा नऊ पायऱ्या होत्या. पत कृतीने बदले. क्रशबोन किल्ल्यातल्या ऑर्कांचे कमरपट्टे नेऊन कॅलाडिम या बुटक्यांच्या नगरात दिले की बुटक्यांकडे पत वाढे. एका गटाची माणसे मारावीत, तर त्यांच्या शत्रूंकडे आपले वजन वाढल्याचा अनुभव येई. इथे व्होल्टमीटरच्या दोन्ही तारा जोडलेल्या आहेत : कोणाची पत, कोणाकडे. तिच्यात इतिहास आहे, परिणाम आहेत, गमावण्याची भीती आहे. दुकानदाराचा भावही कॅरिझ्माइतकाच या पतीवर ठरे. वेबरला दोन्ही तक्ते दाखवले असते तर त्याने पतीच्या तक्त्यावर बोट ठेवले असते, असे आम्हांला वाटते.

कॅरिझ्माच्या खात्यात मात्र आकडा जन्मानेच मिळे. मानवाला ७५, उच्चकुलीन एल्फला ८०, ट्रोलला ४०. त्यावर व्यवसायानुसार थोडी भर. ट्रोल हे मोठ्या अंगाचे, ओबडधोबड, दलदलीत राहणारे. मानवाला ते कुरूप वाटतात हे समजू शकते. पण ग्रॉब या त्यांच्या स्वतःच्या नगरात, ट्रोल दुकानदारासमोर उभ्या असलेल्या ट्रोलचा कॅरिझ्माही ४०च! त्याला निदान आपल्या माणसांत तरी राजबिंडे दिसण्याचा हक्क असायला हवा होता. सौंदर्याचा आणि प्रभावाचा मापदंड कोणाच्या डोळ्यांनी आखला आहे हे या एका आकड्यावरून उघड होते. हा दोष खोडसाळपणातून आला असे आम्ही म्हणत नाही. संबंधदर्शक गोष्टीला एकाच्या अंगावर चिकटवले की दुसरा बिंदू कोणीतरी गुपचूप ठरवतोच, आणि तो बहुधा ठरवणाऱ्याच्या सोयीचा असतो.

खेळाडूंनी या आकड्याची किंमत लवकर ओळखली. ज्याला जादूसाठी गरज नाही त्याने कॅरिझ्माकडे दुर्लक्ष करायचे, उरलेले गुण ताकदीत किंवा बुद्धीत घालायचे, हा शिरस्ता टेबलावरच्या खेळापासूनच होता. इंग्रजीत अशा गुणाला 'डम्प स्टॅट' म्हणतात. अडगळीचा गुण म्हणा ना. इतर निर्मात्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये ताकद, चपळाई आणि बुद्धी एवढेच तीन गुण होते. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नेही कॅरिझ्माला जागा दिली नाही. दुसरी वाट त्याला दारूगोळा बनवण्याची. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सॉर्सरर नावाच्या जादूगाराची सारी मंत्रशक्ती कॅरिझ्मावर बेतली गेली, आणि त्यावर आधारलेल्या २००६ च्या ऑनलाइन खेळातही तेच आले. म्हणजे ज्याचा कॅरिझ्मा जास्त त्याचा अग्निगोळा प्रभावी! अडगळीतला गुण यामुळे कामाला लागला, हे खेळाच्या दृष्टीने योग्यच झाले. पण त्याचे माणसांशी असलेले उरलेसुरले नातेही तुटले. ज्यांनी हा गुण सरळ वगळला त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांला अधिक भावतो. जे मोजता येत नाही त्याची रकाना आखून नोंद करण्यापेक्षा रकानाच न आखणे बरे.

शिक्षकांना हे वाचताना आपली कोष्टके आठवली असतील. सीबीएसईने २००९ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये मागे घेतलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात परस्परसंबंध, समानुभूती अशा जीवनकौशल्यांनाही श्रेणी दिली जात असे. ज्या मुलीला 'परस्परसंबंध : क' मिळाले, तिचे संबंध कोणाशी? बाकावरच्या मैत्रिणीशी, मधल्या सुट्टीत खेळणाऱ्या गटाशी, की श्रेणी देणाऱ्या बाईंशी? क्रिकेटच्या संघात मागे उभा राहणारा मुलगा विज्ञानजत्रेच्या दिवशी दहा जणांना कामाला लावतो. त्याच्या रकान्यात कोणते अक्षर लिहिणार? श्रेणीऐवजी एक वाक्य लिहिले तर निदान 'कोणात' आणि 'कधी' हे दोन शब्द त्यात बसतात. अक्षरात ते बसत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकांच्या हाती नुसते अक्षर पोहोचते.

परत नोराथकडे जाऊ, कारण तिथली सर्वांत बोलकी गोष्ट राहिली आहे. मघा आम्ही दोन प्रकारच्या पात्रांचा उल्लेख केला होता. कॅरिझ्माची संख्या फक्त संगणकाच्या पात्रांवर चालते. दुसऱ्या खेळाडूवर तिचा काडीइतकाही परिणाम होत नाही, आणि करणार तरी कसा? त्याच्या खुर्चीत माणूस बसलेला आहे. पण म्हणून माणसामाणसांत मोहिनी नव्हती असे मात्र नाही. मोठा ड्रॅगन मारायला पन्नास-साठ खेळाडूंना तासन्‌तास एकत्र ठेवावे लागे. हे काम ज्यांना जमे ते गटनायक होत, आणि त्यांचे पात्र चाळिशीच्या कॅरिझ्माचे ट्रोल असले तरी चाले. ते काय लिहितात, हरल्यावर कसे वागतात, मिळालेली लूट कशी वाटतात, यावर सारे अवलंबून असे. लूटवाटपावरून भांडणे होऊ लागली तेव्हा खेळाडूंनी हजेरी आणि श्रमाप्रमाणे गुण देण्याची स्वतःची वही सुरू केली. तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' म्हणत. हा आकडा खेळाच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हता, तो त्या गटाबाहेर कवडीमोल होता, आणि गटात मात्र त्याच्यावर सर्वांचा विश्वास होता.

याची एक काळी बाजूही नोंदली गेली आहे. काही खेळाडू आपली तयार पात्रे खऱ्या पैशांना लिलावात विकत. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००३ साली अशा लिलावांतल्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत मुख्यतः पात्राच्या पातळीवर ठरते, हे अपेक्षितच होते. पण पातळी सारखी असतानाही स्त्रीरूपातल्या पात्रांना पुरुषरूपांपेक्षा कमी किंमत मिळत होती. खेळात स्त्री आणि पुरुष पात्रांच्या क्षमतांत काहीही फरक नाही. सातही संख्या सारख्याच. फरक घेणाऱ्यांच्या डोक्यात होता. नोराथमध्ये माणसांवर माणसांची छाप पडत होती, बरी आणि वाईट दोन्ही, आणि कॅरिझ्माच्या रकान्याला तिचा पत्ताच नव्हता.

खेळाडूंची आपसातली खरेदीविक्री सुरुवातीला ईस्ट कॉमनलँड्स या माळावरच्या एका बोगद्यात चाले. निर्मात्यांनी तो बाजार म्हणून बांधला नव्हता; नगराजवळचा, येण्याजाण्याच्या वाटेवरचा म्हणून लोक तिथे जमू लागले. ओरडून वस्तू पुकारायची, दुसऱ्याने भाव पाडून मागायचा, तिसऱ्याने मधे तोंड घालायचे. ओळखीच्या विक्रेत्याला उधारी मिळे, फसवणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी बोगदाभर होई. दुकानदाराकडे जाताना मोहिनीची अंगठी चढवणारे खेळाडूही इथे तिला हात लावत नसत. डिसेंबर २००१ मध्ये खेळात अधिकृत बाजारपेठ आली. तिथे वस्तूवर किंमत लिहून पात्र उभे करून ठेवले की मालक झोपला तरी विक्री होई. घासाघीस संपली आणि बोगदा ओस पडला. पुढे २००९ मध्ये काही चाहत्यांनी १९९९ चा जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा उभा केला. त्यात ती बाजारपेठ नव्हती. लोक कुठे जमावेत याचा कोणी नियम केला नव्हता, तरी थोड्याच काळात ते त्याच बोगद्यात उभे राहून भाव पुकारू लागले.